शोकाचा अवधी : फ्रॉइडच्या विचारातील एक वळण

मृत्यूनंतरच्या शोकाला मर्यादा घालून देणे हे बहुतेक समाजांनी आपले कर्तव्य मानले आहे. दहा दिवसांचे सुतक असो, वर्षश्राद्ध असो, की ज्यू परंपरेतील सात आणि तीस दिवसांचे पालन असो. गेलेल्यासाठी रडावे, पण जगाकडे परत यावे, हीच जाणीव त्यांमागे असते. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या, परंतु धर्माचार न पाळणाऱ्या सिग्मुंड फ्रॉइडने (१८५६–१९३९) हा प्रश्न धर्मशास्त्राच्या कक्षेबाहेर नेला. शोक करणाऱ्या मनात नेमके काय घडते, आणि ते संपते कसे?

‘शोक आणि विषण्णता’ हा त्याचा निबंध १९१५ साली लिहिला गेला आणि १९१७ साली प्रसिद्ध झाला. पहिले महायुद्ध चालू होते. त्याचे दोन मुलगे ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. शोक हा रोग नव्हे आणि त्यावर औषधोपचार करणे अनाठायी होय, असे त्याने प्रारंभीच स्पष्ट केले. शोक हे मनाचे एक कार्य आहे. प्रिय व्यक्ती उरलेली नाही असा निर्वाळा वास्तव देते. मन तो मानावयास तयार नसते. मग एकेक आठवण, एकेक अपेक्षा पुढे येते, तिच्यात गुंतलेली मानसिक ऊर्जा सोडवली जाते, आणि हे काम दीर्घकाळ, कष्टाने चालते. ते पुरे झाले म्हणजे ‘अहम्’ पुन्हा मोकळा होतो आणि नव्या प्रेमविषयाकडे वळू शकतो. विषण्णतेत मात्र ही सुटका होत नाही. गमावलेली व्यक्तीच अहम्‌मध्ये ठाण मांडते, आणि तिच्याविषयीचा राग माणूस स्वतःवर काढतो. विषण्ण माणसाच्या आत्मनिंदेमागे दुसऱ्या कोणाविरुद्धची तक्रार असते, हे या निबंधातील सर्वांत भेदक निरीक्षण होय.

युद्धाने आघाताचा प्रश्नही ऐरणीवर आणला. तोफांच्या माऱ्यातून वाचलेले सैनिक शरीराला इजा नसताना थरथरत, मुके होत, रात्री त्याच स्फोटात पुन्हापुन्हा जागे होत. त्यांना कामचुकार समजून विजेचे झटके देण्याची प्रथा होती. सप्टेंबर १९१८ मध्ये बुडापेस्ट येथे भरलेल्या मनोविश्लेषकांच्या परिषदेत या युद्धजन्य मज्जाविकृतीवर चर्चा झाली, आणि मध्य युरोपीय सरकारांचे प्रतिनिधी ती ऐकावयास उपस्थित राहिले. या सैनिकांच्या स्वप्नांनी फ्रॉइडपुढे मोठीच अडचण उभी केली. स्वप्न ही इच्छापूर्ती असेल, तर कोणते मन अशा दृश्याची इच्छा करील?

‘सुखतत्त्वापलीकडे’ (१९२०) या ग्रंथात त्याने याचे उत्तर शोधले. बेसावध मनावर कोसळलेला आघात मन नंतर पुन्हापुन्हा उभा करते, आणि त्यावर ताबा मिळवू पाहते. याच ग्रंथात दीड वर्षाच्या एका मुलाचे वर्णन आहे. आई बाहेर गेली म्हणजे तो दोरी बांधलेले लाकडी रीळ पलंगाआड फेकी, ‘गेले’ अशा अर्थाचा उच्चार करी, आणि ते ओढून आनंदाने ‘आले’ म्हणे. विरह सोसावा लागण्याऐवजी तो स्वतःच घडवून आणण्याचा हा खेळ होता.

ग्रंथात नाव नसलेला हा मुलगा म्हणजे फ्रॉइडचा नातू एर्न्स्ट, आणि ती आई म्हणजे त्याची मुलगी सोफी. २५ जानेवारी १९२० रोजी हॅम्बुर्ग येथे इन्फ्लुएंझाच्या साथीत, अवघ्या सव्वीसाव्या वर्षी, गरोदर असताना तिचा मृत्यू झाला. युद्धोत्तर अव्यवस्थेत रेल्वेगाड्या बंद होत्या; व्हिएन्नाहून आईवडिलांना अंत्यविधीलाही पोहोचता आले नाही. मृत्युप्रेरणेचा सिद्धांत या दुःखातून निपजला असे लोक म्हणतील, हे ओळखून ग्रंथ निम्मा तयार असताना सोफी जिवंत आणि सुखरूप होती याची साक्ष त्याने आपल्या सहकाऱ्याकडून मागून ठेवली. जून १९२३ मध्ये सोफीचा धाकटा मुलगा हाइनेले क्षयाने गेला. तो साडेचार वर्षांचा होता. स्वतः फ्रॉइडच्या जबड्यातील कर्करोगाची पहिली शस्त्रक्रिया त्याच वसंतात झालेली होती. तरीही या नातवाच्या मृत्यूने तो जितका खचला, तितका आपल्या आजाराने खचला नाही.

१९२३ च्याच ‘अहम् आणि इदम्’ या ग्रंथात पूर्वीची रेषा पुसट झालेली दिसते. गमावलेल्या व्यक्तीला अंतरंगात सामावून घेणे हे केवळ विषण्णतेचे लक्षण नव्हे. माणसाचा स्वभावच अशा गमावलेल्या प्रेमविषयांच्या थरांनी घडतो, असे तेथे म्हटले आहे. एप्रिल १९२९ मध्ये, सोफी छत्तीस वर्षांची झाली असती त्या सुमारास, त्याने पुत्रशोकात असलेल्या लुडविग बिन्सवांगर या स्नेह्याला पत्र लिहिले. तीव्र शोक ओसरतो, पण समाधान कधीच होत नाही. जागा भरली तरी भरणारे ते काहीतरी वेगळेच असते. आणि तसेच असावयास हवे, कारण जे प्रेम सोडवत नाही ते टिकवण्याचा तोच एक मार्ग आहे, असा त्याचा आशय होता. १९३३ साली उपचारासाठी आलेल्या एच. डी. या अमेरिकन कवयित्रीने नमूद केले आहे, की सोफीचा विषय निघताच त्याने घड्याळाच्या साखळीतील लहानसे लॉकेट दाखवले.

पुत्रवियोग भोगलेल्या मेलनी क्लाइनने १९४० च्या आपल्या निबंधात हे सूत्र पुढे नेले. प्रत्येक मृत्यू मनातील आधाराचे जग मोडतो. शोकाचे काम म्हणजे गेलेल्याला आत पुन्हा प्रतिष्ठित करणे, असे तिचे प्रतिपादन होते.

२०२२ मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात ‘लांबलेला शोक’ हा विकार समाविष्ट झाला. प्रौढांसाठी किमान एक वर्षाची अट आहे. असह्य दुःखात अडकलेल्यांना साहाय्य मिळावे, हा हेतू रास्तच आहे. परंतु नऊ वर्षांनंतरही मुलीचा वाढदिवस मोजणारा व्हिएन्नातील तो वैद्य रोगी नव्हता. शोकाचे काम संपते, हे त्याने १९१५ साली शास्त्र म्हणून सांगितले; ते संपूनही प्रेम उरते, हे त्याला बाप म्हणून शिकावे लागले.