रात्रीच्या रस्त्यावरचा चेहरा

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. रस्त्यांवर गॅसचे दिवे आले १८६५ साली. कॅमेरे होते, दिवेही होते. मग दिव्याखालच्या वाटसरूचे छायाचित्र का काढता येत नव्हते?

कारण प्रकाशाच्या रंगात होते. त्या काळच्या कलोडियनच्या काचांवर मुख्यतः निळ्या, जांभळ्या व अतिनील किरणांचाच परिणाम होई. गॅसची ज्योत पिवळसर. डोळ्यांना उजेड, पण काचेला जवळजवळ अंधारच! जळत्या मॅग्नेशियममध्ये मात्र हे किरण भरपूर असतात. १८६४ साली मँचेस्टरमध्ये त्याच प्रकाशात व्यक्तिचित्र घेतले गेले.

१८८७ साली जर्मनीत मीथे व गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळले. क्लोरेटमधून ऑक्सिजन मिळाल्याने भुकटी क्षणात भडके. याच झगमगाटात पत्रकार जेकब रीस यांनी न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांतली गरिबी टिपली. १८९० सालच्या त्यांच्या पुस्तकाने शहराला तिची दखल घ्यायला लावली. पण झोपेतून दचकून उठलेल्या त्या माणसांची संमती कोणी घेतली होती? हा प्रश्नही विज्ञानाच्या तासाला यावा, असे आम्हाला वाटते.

आज खाप्यातल्या विद्यार्थ्यालाही मोबाइलवर हा प्रयोग करता येईल. मित्राला विचारून त्याला रस्त्यावरच्या दिव्याच्या बरोबर खाली उभे करा. डोळ्यांच्या खोबणीत सावली पडेल. मग त्याला दोन पावले मागे सरकवून दिव्याकडे तोंड करायला सांगा, हनुवटीखाली पांढरा कागद धरा. दोन्ही चित्रे वर्गात शेजारी ठेवा. फरक कशामुळे पडला?