कायद्याच्या दारातलं मूल आणि त्याचं मन : माजलगावातून दिसणारा इतिहास



संशोधनाची तयारी करणारे अनेक जण विचारतात, की 'मानसिक आरोग्यातील विषमता आणि न्यायव्यवस्थेतील मुलं' या विषयावर प्रस्ताव लिहायचा तर सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण अमेरिकेतल्या शोधनिबंधापासून करतात. ते चूक नाही. शिकागोच्या कुक काउंटीतील बालबंदीगृहात लिंडा टेप्लिन यांच्या गटाने १८२९ मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या आणि २००२ साली निष्कर्ष मांडले. जवळपास दोन तृतीयांश मुलगे आणि जवळपास तीन चतुर्थांश मुली किमान एका मानसिक विकाराच्या निकषात बसत होत्या. आकडा मोठा आहे, आणि तो उचलून आपल्या प्रस्तावात टाकायचा मोह होतो.

पण माझं म्हणणं असं, की आधी आपल्या गावाचा इतिहास बघा. 'विषमता' मोजण्याआधी ती कशी तयार झाली हे कळलं नाही, तर आपण नेमकं काय मोजतोय हेच कळत नाही. या लेखात मी उदाहरण म्हणून माजलगाव घेतो. सिंदफणेच्या काठचं, बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण.

एक हद्द, दोन बालपणं

मुंबईची गोष्ट पुस्तकात सहज सापडते. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा मुंबईत सुरू झाली. १८७६ आणि १८९७ मध्ये सुधारशाळांचे कायदे झाले. मग मद्रास (१९२०) आणि बंगाल (१९२२) यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये मुंबई बाल अधिनियम आला. १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुढच्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. थोडक्यात, १९३७ च्या मुंबईत 'या मुलाने काय केलं' याच्या जोडीला 'या मुलाच्या मनात काय चाललंय' हा प्रश्न विचारणारी जागा तरी होती.

आता नकाशा बघा. त्या वेळी माजलगाव मुंबई इलाख्यात नव्हतंच. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. म्हणजे १९२४ चा कायदा मुंबई इलाख्यापुरता आणि हद्दीच्या या अंगाला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, १९५१ मध्ये हैदराबादचा स्वतंत्र बाल अधिनियम आला, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. जवळपास संपूर्ण देशासाठी बाल न्यायाचा एक कायदा व्हायला १९८६ साल उजाडलं.

त्यामुळे 'महाराष्ट्रातील बाल न्यायाचा इतिहास' असं एक वाक्य लिहून पुढे जाता येत नाही. ससून शाळेपासून सुरू होणारी ही रेघ मराठवाड्याच्या मुलाला फार उशिरा येऊन भिडते. कायदा नंतर पोचला, पण डॉक्टरचं काय? राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. यात मराठवाड्यातलं एकही नाही. म्हणजे नकाशावर दोन्ही पोकळ्या एकाच जागी येतात.

दुसरी रेघ : शिक्का

सुधारशाळेची रेघ निदान 'मूल सुधारू शकतं' असं मानून चालत होती. तिच्या शेजारून दुसरी रेघ जात होती, ती १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची. तिथे गृहीतकच उलटं. गुन्हा करणं हा जमातीचा स्वभाव, मूल त्यात जन्माला येतं म्हणून तेही संशयित. १८९७ च्या दुरुस्तीने तर ४ ते १८ वर्षांच्या मुलग्यांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधार वसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला दिली. चार वर्षांचं पोर! १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यालाही लागू झाली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. पारधी, कैकाडी अशा जमाती त्यात अडकल्या.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणूनच हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो व्यक्तीबद्दल आहे, जमातीबद्दल नाही. प्रत्यक्षात काय होत राहिलं, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'सारख्या आत्मकथनांतून मराठी वाचकाला माहीत आहे. आणि ही फार जुनी गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटप आणि विमुक्त जमातींना 'सराईत' मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या.

इथे संशोधकासाठी एक कळीची गोष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातील कलम २४ नुसार, विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या दोषसिद्धीच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात (१६ वर्षांवरील मुलाला बालकांच्या न्यायालयाने क्रूर गुन्ह्यात दोषी धरलं असेल तर अपवाद). हेतू चांगला आहे, चूक आयुष्यभर मागे लागू नये. पण परिणाम बघा. एका मुलाची कागदावरची ओळख पुसली जाते आणि त्याच्या वस्तीची ओळख लोकांच्या डोक्यात तशीच राहते. त्याच्या मनावरचा ताण कोणत्या नोंदीतून येतो? बहुतेक वेळा जी नष्ट करता येत नाही, तिच्यातून.

'मानसिक क्षमता' मोजायची कशी?

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी वयोमर्यादा १६ आणि मुलींसाठी १८ होती. २००० मध्ये दोघांसाठी १८ झाली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील प्रकरणानंतर वातावरण बदललं आणि २०१५ च्या कायद्यात कलम १५ आलं. १६ ते १८ वयाच्या मुलावर क्रूर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळाने प्राथमिक मूल्यांकन करायचं. गुन्हा करण्याची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे बघायचं. त्यावरून खटला प्रौढासारखा चालावा का, ते ठरतं.

२०२२ मध्ये बरुण चंद्र ठाकूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मंडळात बालमानसशास्त्र किंवा मानसोपचाराची पदवी असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे. मानसिक क्षमता आणि परिणाम समजण्याची कुवत या दोन गोष्टी एकच मानणंही चूक, असंही न्यायालयाने म्हटलं.

तत्त्व बरोबर आहे. पण चाचणीचा स्वतःचा इतिहास असतो. मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने बुद्धिमापन चाचणीचं रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये केलं. बिने-कामत चाचणी आजही भारतात वापरात आहे. तेव्हाच्या मानाने ते मोठंच काम होतं, परकी चाचणी जशीच्या तशी लादण्यापेक्षा कितीतरी बरं. पण 'मराठी मूल' म्हणजे नेमकं कोण? घरात गोरमाटी किंवा पारधी बोलणारं, शाळेत अर्धं वर्ष असणारं मूल मराठी शब्दसंग्रहाच्या प्रश्नाला अडखळलं, तर कमी काय भरलं? बुद्धी, शाळा की भाषा?

आता बीड जिल्ह्याचं वास्तव जोडा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. समजा, माजलगाव तालुक्यातल्या सतरा वर्षांच्या मुलावर गुन्हा दाखल झाला आणि आईवडील फडावर आहेत. कायदा म्हणतो, परिवीक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. घराला कुलूप. शेजारी सांगतील तेवढंच कळणार. अहवालात 'पालकांचे दुर्लक्ष' असे दोन शब्द पडले, की स्थलांतराचं अर्थकारण घराचा दोष होऊन बसतं. पुढे मानसतज्ज्ञ तोच अहवाल वाचून मुलाला भेटणार. विषमता अशी पायरीपायरीने तयार होते, आणि त्यासाठी कुणी वाईट हेतूने वागायची गरजही नसते.

मग प्रस्तावात काय लिहायचं?

एक, आकड्यांतल्या रिकाम्या जागा आधी नोंदवा. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आलं. हा आकडा सगळे देतात. पण त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे फार कमी जण सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात ताब्यात घेतलेल्या मुलांचं शिक्षण आणि कौटुंबिक स्थिती असते, मानसिक आरोग्य नसतं.

दोन, तुलना कुणाशी, ते ठरवा. शिकागोत बालन्यायालय १८९९ मध्ये आलं आणि विल्यम हीली यांचं मानसशास्त्रीय केंद्र १९०९ मध्ये त्याच्याच शेजारी उभं राहिलं. तिथे निदान शंभर वर्षं न्यायालयाच्या सोबत चाललं. आपल्याकडे ते सगळीकडे एकाच वेळी आलं नाही. तेव्हा माजलगावची तुलना आधी मुंबईशी करा, मग शिकागोशी.

तीन, नोंदी नष्ट होणार हे गृहीत धरा आणि त्याविरुद्ध तक्रार करू नका. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. आपल्याला माहिती हवी म्हणून मुलाचा विसरला जाण्याचा हक्क कमी होत नाही. अहवालांचे नमुने, अधिकाऱ्यांची भाषा, मंजूर आणि रिक्त पदं, मंडळापासून मानसोपचारतज्ज्ञापर्यंतचं अंतर, हे सगळं एकाही मुलाचं नाव न घेता अभ्यासता येतं.

आणि शेवटचं. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा शब्द जड वाटतो, वर्तमानपत्रं त्याची थट्टाही करतात. पण 'गुन्हेगार जमातीचं पोर' पासून या शब्दापर्यंत यायला आपल्याला जवळपास सव्वाशे वर्षं लागली. प्रस्तावात तो पूर्ण लिहा, आणि प्रश्नावलीत मुलाला पहिला प्रश्न गुन्ह्याबद्दल विचारू नका. तो रात्री नीट झोपतो का, ते विचारा.

शंका असतील तर जरूर लिहा. पुढच्या लेखात सामाजिक तपासणी अहवाल संशोधक म्हणून कसा वाचायचा, ते बघू.