'रिझर्व्ह' माणूस : एका विशेषणाचा प्रवास

जे. पी. नगर ही बंगळुरूच्या दक्षिण भागातील, जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी वसाहत. येथल्या एखाद्या मराठी घरी पाहुणे यावेत, मुलाने चार शब्द बोलून आपल्या खोलीत निघून जावे आणि आईने ओशाळून म्हणावे, 'तो जरा रिझर्व्ह आहे,' हा प्रसंग कोणालाही ओळखीचा वाटेल. वाक्य मराठी आहे, पण ज्या विशेषणावर त्याचा भार आहे ते इंग्रजी. मराठीत अशा शब्दांची वाण नाही. अबोल, मितभाषी, घुमा, संकोची, एकलकोंडा, मुखदुर्बळ अशी मोठी मालिका हाताशी असताना ती माउली परका शब्द का उचलते?

या विशेषणाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'मागे राखून ठेवणे' असा आहे. इंग्रजीत ते सतराव्या शतकापासून माणसाच्या स्वभावालाही लावले जाऊ लागले. आपल्याकडे त्याचा परिचय मुख्यतः राज्यकारभार आणि व्यवहार यांतून झाला. १८७८च्या वनकायद्यातील राखीव जंगले, रेल्वेतील राखून ठेवलेली जागा, १९३५ मध्ये स्थापन झालेली रिझर्व्ह बँक, या सर्व ठिकाणी सूत्र एकच दिसते : वस्तू आहे, परंतु ती कोणालाही केव्हाही खुली नाही. माणसाला हे विशेषण लावले की हेच सूत्र त्याच्या मनाला लागू होते. त्याच्यापाशी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ते त्याने राखून ठेवले आहे, एवढेच.

मराठी शब्दांची तऱ्हा निराळी आहे. त्यांतील बहुतेक शब्द वर्णन करता करता निवाडाही देतात. 'घुमा' या शब्दात मनात काहीतरी दडवल्याचा संशय आहे, 'मुखदुर्बळ' या शब्दात उणीव आहे आणि 'माणूसघाणा' हा तर उघड आरोपच. 'मितभाषी' गौरवाचा खरा, पण तो सत्कारसमारंभातला. घरच्या मुलाला तो शोभत नाही. 'शिष्ट' या शब्दाची गत सर्वांत बोलकी आहे. ज्याचे वर्तन व भाषा प्रमाण मानावी असा संस्कारी पुरुष, हा त्याचा संस्कृतातील अर्थ. आज 'ती फार शिष्ट आहे' असे म्हटले की तिच्या मौनाला गर्व ठरवून आपण मोकळे होतो.

या निवाड्यांमागे जुनी समाजदृष्टी आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणांत, घरी विवेक उमजूनही सभेत लाजणाऱ्या आणि बोलताना गोंधळणाऱ्या माणसाची गणना मूर्खांत केली आहे. समर्थांना लोकसंग्रह करायचा होता. सभेत न उमटणारे शहाणपण त्यांच्या दृष्टीने वाया गेलेलेच. वाडा, चावडी आणि पंगत यांनी बांधलेल्या समाजात न बोलणे ही खाजगी बाब नव्हती. गप्प राहणाऱ्याला कारण द्यावे लागे, आणि त्याने ते न दिल्यास लोक आपल्या परीने ते पुरवीत.

मोल्सवर्थने आरंभलेला आणि कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. अशा कोशांत एका इंग्रजी शब्दापुढे अनेक मराठी शब्द मांडलेले असतात. पण अर्थ जुळला तरी निवाडा जुळतोच असे नाही. पुढे युंगच्या १९२१च्या ग्रंथाने मानसशास्त्रात स्वभावाचे दोन कल प्रसिद्ध केले आणि त्यांतील एकासाठी मराठीत 'अंतर्मुख' हा शब्द रूढ झाला. तो अध्यात्मातून आलेला, म्हणून भारदस्त. पण अंतर्मुखता हा मनाचा कल आहे, तर बोलणे राखून ठेवणे ही वागण्याची रीत आहे. अंतर्मुख माणूस व्यासपीठ गाजवू शकतो, आणि स्वभावाने बहिर्मुख असलेला माणूसही परक्या घरी मोजकेच बोलतो.

धारवाडला इंग्रजी शिकविणारे जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) सभासंमेलनांपासून दूर राहिले. त्यांच्या एकांतप्रियतेच्या कथा झाल्या. त्यांच्या निधनानंतर मात्र त्यांच्या पत्रांचे खंड प्रसिद्ध झाले, आणि वाचनात, चित्रांत, थट्टेत रमणारा, स्नेह्यांशी भरभरून बोलणारा माणूस वाचकांसमोर आला. तेथे शब्दांचा तुटवडा नव्हताच. शब्द कोणासाठी ठेवायचे, हे त्यांनी ठरविले होते.

मग मराठीत या स्वभावाचा समजूतदार शब्दच नाही काय? आहे : 'भीड'. भिडस्त माणूस बोलत नाही तो समोरच्याचे मन जपण्यासाठी, त्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून. भिडेपोटी माणसाचे नुकसान होते हे मराठी जाणते. तरी भिडस्ताला ती दुष्ट म्हणत नाही. कन्नडमध्येही 'भिडे' आहे, आणि आपण निर्भीड म्हणतो तेथे 'निर्भिडे' आहे. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या शहरात दोन्ही भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्या आहेत. त्या मुलाची आई आणि तिची कन्नड शेजारीण यांना हा एक शब्द दुभाष्यावाचून कळेल.

तरीही भीड म्हणजे सर्व मौन नव्हे. कोणाचीही भीड न बाळगता, केवळ स्वतःसाठी काही राखून ठेवण्याचा हक्क त्या शब्दात मावत नाही. आई 'रिझर्व्ह' म्हणते ती बहुधा याचसाठी : मुलाच्या गप्प राहण्यावर कोणी निवाडा देण्याआधी तिला त्याच्यासाठी थोडी जागा राखून ठेवायची असते.