कुष्ठरोग, मज्जातंतू आणि वर्ध्याचे कार्य

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे सेवाग्रामचा आश्रम, पवनारचे विनोबा आणि हिंगणघाटचा कापूस यांचे स्मरण आपल्याला ताबडतोब होते. येथील कुष्ठनिवारणाचाही उल्लेख होतो, पण बहुधा दयाधर्माचे एक उदाहरण म्हणून. हे कार्य दयेचे होते यात शंका नाही. परंतु ते तेवढेच नव्हते. रोग्याची वाट पाहत दवाखान्यात न बसता आपणच त्याच्या दारी गेले पाहिजे, हा जो विचार येथे रुजला, त्याला शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. तो समजून घ्यायचा तर प्रथम मज्जातंतूंच्या अंतरंगात थोडे डोकावले पाहिजे.

मेंदूत आणि मज्जातंतूंत संदेश वाहणाऱ्या पेशी असतात, हे आपण ऐकून असतो. त्यांना वेढून राहणाऱ्या आणखीही पेशी तेथे असतात. १८५६ साली फिर्खो या जर्मन वैद्याने मेंदूतील या भागाला ‘न्यूरोग्लिया’ असे नाव दिले. ‘ग्लिया’ म्हणजे सरस. सुताराचा सरस जसा दोन फळ्या सांधतो, तसे या पेशींचे काम केवळ सांधण्याचे, अशी समजूत पुढे दीर्घकाळ राहिली. आपण त्यांना आधारपेशी म्हणू. हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतही अशा आधारपेशी असतात. थिओडोर श्वॉन या शास्त्रज्ञाने १८३९ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या श्वॉन पेशी या नावाने ओळखल्या जातात.

या पेशी नुसता सरस नव्हेत, हे गर्भाच्या वाढीचा अभ्यास झाला तेव्हा विशेष स्पष्ट झाले. डोळ्याच्या आतला पडदा हा वस्तुतः मेंदूचाच एक फाटा. तेथे ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी आधी पसरतात. प्राणवायू कमी पडू लागला की त्या एक प्रथिन स्रवतात, आणि त्याच्या मागाने रक्तवाहिन्यांचे कोंब पुढे सरकतात. नव्या वस्तीत माणसे आधी राहायला जावीत आणि त्यांच्या मागणीवरून नळ मागाहून यावा, तसाच हा प्रकार. अपुऱ्या दिवसांच्या बालकाला बेताबाहेर प्राणवायू दिला तर ही मागणीच थांबते; रक्तवाहिन्यांची वाढ खुंटते, मग ती वेडीवाकडी होते आणि प्रसंगी दृष्टी जाते. त्वचेतही अशीच सोबत आढळते. उंदरांच्या गर्भांवरील जे संशोधन २००२ साली प्रसिद्ध झाले, त्यात असे दिसले की त्वचेतील धमन्या मज्जातंतूंच्या कडेकडेने फांद्या फोडतात, आणि मज्जातंतूने वाट बदलली तर त्याही त्याच्यामागून वाट बदलतात.

मज्जातंतू आणि रक्तवाहिनी यांची ही जन्मापूर्वीपासूनची सोबत कुष्ठजंतूच्या मात्र पथ्यावर पडते. नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली हा जंतू शोधून काढला. त्याची वाढ अतिशय संथ. एकाचे दोन होण्यास त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. आर्माडिलो नावाच्या प्राण्यावरील अभ्यासावरून असे दिसते की, मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतून हा जंतू आत शिरतो. आत गेल्यावर तो श्वॉन पेशीत बिऱ्हाड करतो. तो या पेशीच्या बाह्य आवरणाला कसा चिकटतो, याचा उलगडा १९९७-९८ साली झाला. परंतु हा रोग मज्जातंतूंत फार लवकर शिरतो, हे मुंबईच्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९५१ सालच्या आपल्या अभ्यासात आधीच दाखवून दिले होते. अन्य रोगांत दुखते म्हणून माणूस वैद्याकडे धाव घेतो. येथे दुखणे जाणवून देणारा तंतूच बधिर होतो. चट्टा खाजत नाही, ठणकत नाही; मग रोगी येणार कशाला? आणि आलाच, तर गावाने वाळीत टाकण्याची धास्ती!

या पार्श्वभूमीवर वर्ध्याचे कार्य पाहावे. १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूर येथे महारोगी सेवा समितीचे काम सुरू केले. पुढे संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री हा रोग अंगावर घेऊन सेवाग्रामी आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमाच्या आवारात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केली. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला डांबून ठेवण्याची मुभा दिली होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. स्पर्शाची भीती घालवणे हा या कार्याचा पहिला टप्पा होता.

दुसरा टप्पा १९५१ नंतरचा. गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान वर्ध्यास स्थापन झाले आणि डॉ. रा. वि. वर्देकर यांनी पाहणी, शिक्षण व उपचार अशी त्रिसूत्री आखली. घरोघर जाऊन प्रत्येक माणसाची त्वचा पाहायची, लोकांना रोगाची खरी माहिती सांगायची, आणि डॅप्सोनच्या गोळ्या घरबसल्या द्यायच्या. पाहणीची साधने अगदी साधी: चट्ट्यावर कापसाची वात फिरवून स्पर्श कळतो का हे पाहायचे, कोपराशी मज्जातंतू जाड झाला आहे का हे बोटांनी चाचपायचे. १९५५ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याने हीच पद्धत स्वीकारली. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनात, तेव्हा १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. ही उपाययोजना भारतात प्रारंभी ज्या थोड्या जिल्ह्यांत झाली, त्यांत वर्धा होता.

डिसेंबर २००५ अखेर देशात दर दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी उरले. परंतु रोग संपला असा याचा अर्थ नव्हे. औषधाने जंतू मरतो; मेलेला तंतू मात्र औषधाने जिवंत होत नाही. वाकडी झालेली बोटे आणि लोंबते पाऊल हे उशिराचे फळ होय. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद कायद्यातून काढायला २०१९ साल उजाडावे लागले. मनातली तरतूद काढायला कायदा पुरा पडत नाही. तोवर माणसे चट्टा लपवणार, आणि लपलेला चट्टा आतल्या आत तंतू खात राहणार.

म्हणून ज्यांनी आपल्या गावोगावी कापसाची वात घेऊन दारे ठोठावली, त्यांचे ऋण फेडण्याचा मार्ग एकच आहे. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या अंगावर न दुखणारा, बधिर चट्टा दिसला, तर लाज न बाळगता त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.