सूट मागावी लागते

परवा आमच्या गल्लीतली एक मुलगी फॉर्म घेऊन घरी आली. "सर, यात उत्पन्न कोणतं लिहू? मागच्या वर्षीचं की आत्ताचं?" तिचे वडील मागच्या वर्षापर्यंत एका कारखान्यात कामाला होते. यंदा घरीच आहेत. कॉलेजच्या फीची सवलत हवी, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा, आणि दाखल्यावर येणार ते सरलेल्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न. पगार बंद झालेला, पण कागदावर तो अजून चालू!

मी तिला बसवलं, चहा दिला. ती गेल्यावर मात्र बराच वेळ विचार करत बसलो. घराची मिळकत एकाएकी घसरली तर सरकारकडे सवलत मागायची कशी, हा प्रश्न आमच्या मांडवगण फराट्याच्या परिसराला नवा नाही.

मांडवगण शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी. नदीपलीकडे दौंड. जुन्या काळी हा पलीकडचा सगळा मुलूख भीमथडी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मिळकत उतरली, पण फेरपाहणीत अनेक गावांचा शेतसारा मात्र वाढला. सारा भरायला सावकाराचं कर्ज, आणि कर्जाला जमीन तारण. शेवटी १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुपे गावी लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. लोण आमच्या शिरूर तालुक्यातही आलं. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लोकांचा मुख्य रोख कर्जाच्या कागदांवर होता. खतं, रोखे, दस्त हुडकून जाळले गेले. जो कागद आपल्याला वाचता येत नाही आणि जो आपलं घर बुडवतो, त्याचं दुसरं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

ते शिकवण्याचा मोठा प्रयत्न पुढे वीसेक वर्षांनी झाला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने दुष्काळाचे नियम तयार केले होते. पीक बुडालं तर साऱ्याची तहकुबी किंवा सूट, हाताला काम, असं त्यात होतं. पण हे नियम शेतकऱ्याला कोण सांगणार? १८९६ साली पाऊस गेला तेव्हा लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेमार्फत हेच काम हाती घेतलं. सभेची माणसं गावोगाव गेली, नियम समजावून सांगू लागली. ही भीक नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे, तो मागा, असा त्याचा मथितार्थ. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचेच नियम लोकांना वाचून दाखवणं सरकारलाच इतकं झोंबलं!

दुसरी अडचण मोजमापाची. सूट ठरायची ती आणेवारीवर. सोळा आणे म्हणजे पुरतं पीक. चार आण्यांच्या आत आलं तर वसुली पुढे ढकलायची. आपल्याच मुंबई इलाख्यातल्या खेडा जिल्ह्यात १९१८ साली गांधीजींचा सत्याग्रह झाला तो यावरूनच. लोक म्हणत पीक चार आण्यांच्या आत, अधिकारी म्हणत जास्त. अखेर तोड निघाली ती अशी, की ऐपत असलेल्यांनी सारा भरावा आणि गरिबांना तहकुबी द्यावी. म्हणजे गावाकडून नजर घराकडे वळली. आणि या आशयाचा हुकूम आधीच निघाला होता, लोकांपर्यंत तो पोहोचलाच नव्हता, असं मागाहून समोर आलं.

आणेवारीची पुढे पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत असेल तर दुष्काळी सवलती मिळतात, मुलांची परीक्षा फीसुद्धा माफ होते. पण ती पैसेवारी गावाची. गाव हिरवं आणि एक घर करपलेलं असेल, तर ते घर त्या आकड्यात दिसत नाही.

असं एक घर मी पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यातलं एक कुटुंब जूनमध्ये गावी परतलं आणि मुलगा माझ्या नववीच्या वर्गात आला. तेव्हा फीसाठी ई. बी. सी. सवलत होती. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत बाराशे रुपये वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादेने सुरू झालेली ही योजना. पुढे मर्यादा वाढत गेली. या मुलाचा अर्ज भरला, पण उत्पन्न मागच्या वर्षाचं, म्हणजे गिरणीच्या पगाराचं. अर्ज नामंजूर होऊन परत आला. मी तो टेबलाच्या खणात ठेवला आणि म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू."

दिवाळीनंतर तो वर्गात दिसेना. गुऱ्हाळावर चिपाडं ओढायला जात होता. फी फार नव्हती. मी वर एक अर्ज लिहू शकलो असतो, की पगार बंद आहे, संप चालू आहे, याची चौकशी व्हावी. मंजूर झाला असता की नाही, देव जाणे. पण मी लिहिलाच नाही. वर्गात टिळकांचा धडा मात्र त्या वर्षीही शिकवला.

ब्रिटनमध्ये २००३ पासून २०२५ पर्यंत कुटुंबांना करसवलतीच्या रूपाने मदत देण्याची पद्धत होती. तिथेही सुरुवातीला मागच्याच वर्षाचं उत्पन्न धरत. पण मधेच कमाई घटली तर कळवण्याची सोय होती. अर्थात कळवणार त्यालाच ज्याला ती सोय ठाऊक असेल!

दुसऱ्या दिवशी ती मुलगी पुन्हा आली. दाखल्यात उत्पन्न मागच्या वर्षाचंच राहू दिलं, खरं ते खरं. सोबत वेगळा अर्ज लिहिला: वडिलांचं काम कोणत्या तारखेला सुटलं, घरात आता काय येतं, याची चौकशी करावी. दोन प्रती केल्या. एकीवर शिक्क्यासह पोच घ्यायला विसरू नकोस, असं तिला दोनदा बजावलं.