रुग्णशय्येजवळचे शिक्षण : भारतातील परिचर्या प्रशिक्षणाची वाटचाल

परिचर्येचे शिक्षण वर्गात सुरू होत असले तरी ते घडते वॉर्डात. नाडी कशी मोजावी हे पुस्तकात वाचता येते. पण भेदरलेल्या रुग्णाची नाडी का धावते आहे आणि रक्तस्राव झालेल्याची का धावते आहे, यातला फरक रुग्णाजवळ उभे राहिल्याखेरीज कळत नाही. म्हणून परिचर्येच्या प्रत्येक अभ्यासक्रमात रुग्णालयातील कामाला मोठा वाटा मिळाला. त्यातूनच या शिक्षणाचा सर्वांत जुना आणि अजूनही पूर्ण न मिटलेला वाद उभा राहिला : वॉर्डात आलेली मुलगी शिकायला आली आहे की राबायला?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा ९ जुलै १८६० रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली. क्रिमियन युद्धाच्या काळात जनतेने उभारलेल्या नाइटिंगेल निधीतून तिचा खर्च चालत असे. पहिल्या तुकडीत १५ उमेदवार होत्या आणि प्रशिक्षण एका वर्षाचे होते. मेट्रन सेरा वॉर्डरोपर दर महिन्याला प्रत्येकीच्या वर्तनाची व कामातील प्रगतीची लेखी नोंद ठेवत. शिकवण्याचे मुख्य काम वॉर्डच्या सिस्टर करत, तर डॉक्टर अधूनमधून व्याख्याने देत. या योजनेचे खरे वेगळेपण पैशाच्या व्यवस्थेत होते. प्रशिक्षणाचा खर्च स्वतंत्र निधीतून होत असल्याने शाळेला रुग्णालयाच्या तिजोरीकडे पाहावे लागत नव्हते. पुढे जगभरच्या रुग्णालयांनी नाइटिंगेल पद्धतीचा गणवेश घेतला, शिस्त घेतली, मेट्रनचा अधिकार घेतला. मात्र स्वतंत्र निधी फारच थोड्यांनी उभारला. त्यामुळे उमेदवार मुली म्हणजे कमी खर्चात मिळणारे मनुष्यबळ, हे समीकरण रूढ झाले. १८९३ मध्ये ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत रिबेका स्ट्राँग यांनी वॉर्डात पाठवण्याआधी मुलींना शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि परिचर्येची तत्त्वे शिकवणारा पूर्वतयारीचा वर्ग काढला. आधी तयारी आणि मग रुग्ण, हा क्रम आज स्वाभाविक वाटतो. त्या काळी तो मोठा बदल होता.

भारतात परिचारिका प्रशिक्षणाची पहिली सरकारी योजना १८७१ मध्ये मद्रासच्या जनरल हॉस्पिटलने हाती घेतली. मुंबईत या कामाला वेग आला तो स्त्रियांच्या रुग्णालयामुळे. डॉ. एडिथ पेची १८८३ च्या अखेरीस मुंबईत आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये रुग्णांसाठी खुले झाले आणि तेथे पेची यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. स्त्री-रुग्णांना पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला घरचे लोक राजी नसत. त्यामुळे स्त्री-डॉक्टर हव्या होत्या, आणि त्यांच्या हाताशी शिकलेल्या परिचारिकाही हव्या होत्या. १८८८ मध्ये लष्करी रुग्णालयांसाठी इंग्लंडहून दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. पण त्यांची सेवा गोऱ्या सैनिकांपुरती होती. मुंबईत १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी दाखल झालेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून परिचर्येच्या इतिहासात घेतले जाते.

काशीबाईंच्या मागोमाग मराठी मुलींची रीघ लागली नाही. पुढची काही दशके रुग्णालयांत प्रामुख्याने अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती आणि पारशी मुलीच दिसत. रात्रपाळी, परपुरुषाच्या अंगाला स्पर्श, मलमूत्र आणि रक्त हाताळणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाला अन्नपाणी देणे, यांतली प्रत्येक गोष्ट तेव्हाच्या सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांना धक्का देणारी होती. पुण्यात ही कोंडी फोडण्याचे श्रेय रमाबाई रानडे यांना जाते. त्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या राहण्याची सोय संस्थेने केली, आणि या व्यवस्थेचे महत्त्व फार मोठे आहे. घराबाहेर राहून, रात्री-बेरात्री कामावर जाणाऱ्या मुलीकडे समाज संशयाने पाहत होता. रमाबाईंसारख्या प्रतिष्ठित स्त्रीने तिच्या मागे आपले नाव उभे केले, म्हणून घरच्यांचा विरोध थोडा ढिला पडला. त्यांची भूमिका नुसत्या उपदेशाची नव्हती. शिक्षण, निवास आणि पुढे नोकरी, असा सगळा मार्ग त्यांनी आखून दिला. महाराष्ट्रात परिचर्येला सन्मान मिळवून देण्यात कायद्यांइतकाच, किंबहुना अधिकच, या कामाचा वाटा आहे. दक्षिणेकडे मिरजेत विल्यम वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलानेही आसपासच्या भागातील मुलींना हे शिक्षण दिले.

त्या काळचे शिक्षण उमेदवारीच्या पद्धतीने चाले. पहाटे वॉर्डात पोचायचे, खाटा आवरायच्या, चादरींचे कोपरे ठरावीक घडीने दुमडायचे, तापमान आणि नाडी तक्त्यावर चढवायची, काचेच्या सिरिंज आणि उपकरणे उकळून ठेवायची. नव्या मुलीच्या वाट्याला बेडपॅन आणि कपाट पुसणे येई. दुसऱ्या वर्षाची मुलगी ड्रेसिंगच्या ट्रॉलीमागे जाई. तिसऱ्या वर्षाच्या मुलीवर रात्रपाळीत अख्खा वॉर्ड सोपवला जाई. डॉक्टरांची व्याख्याने बहुधा ड्यूटी संपल्यावर असत आणि थकलेल्या मुली ती कशीबशी ऐकत. तरीही या पद्धतीला निव्वळ शोषण म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. प्रतिजैविके येण्यापूर्वी विषमज्वर किंवा न्यूमोनियाचा रुग्ण वाचणे हे मुख्यतः परिचर्येवरच अवलंबून असे. अंग पुसून ताप उतरवणे, थोडे थोडे द्रव अन्न देणे, कूस बदलून पाठीला जखमा होऊ न देणे आणि ज्वर उतरण्याच्या घटकेला रात्रभर शेजारी बसणे, हेच उपचार होते. ते करताना डोळ्यांना जी सवय लागे, ती कोणत्याही व्याख्यानातून आली नसती. दोष होता तो वेगळाच : काय शिकायचे हे मुलीच्या गरजेवरून न ठरता, त्या दिवशी कोणत्या वॉर्डात माणसे कमी आहेत यावरून ठरे.

शिक्षणाला एकसारखेपणा आणण्याचे प्रयत्न व्यवसायाच्या आतूनच झाले. १९०५ मध्ये लखनौला नर्सिंग सुपरिंटेंडेंट एकत्र आल्या, १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली आणि १९०९ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशन. मुंबई प्रांताचा परिचारिका नोंदणी कायदा मात्र १९३५ मध्ये झाला.

खरे वळण आले ते देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या सरकारी भोर समितीमुळे. १९४६ च्या तिच्या अहवालाने ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे चित्र देशापुढे ठेवले आणि विद्यापीठीय पदवीचा आग्रह धरला. त्याच वर्षी दिल्लीचे कॉलेज ऑफ नर्सिंग आणि मद्रास विद्यापीठाशी संलग्न असलेले वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, या दोन ठिकाणी बी.एस्सी. नर्सिंगचे वर्ग सुरू झाले. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. पदवीमुळे विद्यार्थिनीचे वॉर्डातील स्थान बदलले. ती रुग्णालयाच्या हजेरीपटावरून निघून महाविद्यालयाच्या पटावर आली. प्रात्यक्षिक आधी प्रयोगशाळेत, मग शिक्षिकेच्या देखरेखीखाली रुग्णावर, असा क्रम ठरला. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, प्रसूती, मानसोपचार आणि सामुदायिक आरोग्य अशा नेमणुका तासांच्या हिशेबाने आखल्या गेल्या. एका रुग्णाची पूर्ण जबाबदारी घेऊन त्याच्या गरजा ओळखणे, परिचर्येचा आराखडा लिहिणे, त्याप्रमाणे काम करणे आणि परिणाम तपासणे ही पद्धत पुढे रुळली. पूर्वी एक मुलगी वॉर्डातल्या सगळ्यांचे तापमान घेई आणि दुसरी सगळ्यांना औषधे देई. त्यात कोणालाच पूर्ण रुग्ण दिसत नसे.

महाराष्ट्रात पदवी शिक्षण १९६४ मध्ये आले. त्या वर्षी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग मुंबईत निघाले, आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातही परिचर्येची पदवी सुरू झाली. १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे पुढे राज्यातील बहुतेक नर्सिंग महाविद्यालयांची संलग्नता गेली.

पदवीने जुना दोष दूर केला, पण एक नवी फट पडली. महाविद्यालयाची ट्यूटर मुलींना घेऊन वॉर्डात जाते, मात्र त्या वॉर्डावर तिचा अधिकार नसतो. वॉर्डच्या सिस्टरकडे अधिकार आणि अनुभव दोन्ही असतात, पण शिकवणे ही तिची जबाबदारी मानली जात नाही. विद्यार्थिनी या दोघींच्या मध्ये सापडते. वर्गात शिकवलेली निर्जंतुक ड्रेसिंगची पद्धत आणि चाळीस रुग्णांच्या वॉर्डात दोन स्टाफ नर्स उरकतात ती पद्धत यांत अंतर पडते, आणि त्याचे उत्तर तिला कोणी देत नाही. वेल्लोरने यावर शोधलेला उपाय अनुकरणीय आहे. तेथे महाविद्यालयातील शिक्षिकाच रुग्णालयातील परिचर्येची जबाबदारीही सांभाळतात, त्यामुळे शिकवलेले आणि केलेले यांत फारशी तफावत राहत नाही.

नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार एका विद्यार्थ्यामागे किमान तीन रुग्ण असावे लागतात, आणि महाविद्यालयाला स्वतःचे रुग्णालय लागते. खाटांची संख्या कागदावर भरून चालत नाही, त्या खाटांवर रुग्ण असावे लागतात. २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित अभ्यासक्रमाने चार वर्षांची आठ सत्रे केली, कौशल्य प्रयोगशाळेतील पुतळ्यांवरील सरावाला मान्यता दिली आणि शेवटचे सत्र इंटर्नशिपसाठी ठेवले. पुतळ्यावर शिरेत सुई घालण्याचा सराव झाल्याने पहिल्या चुकीची वेदना रुग्णाला सोसावी लागत नाही, हा मोठा लाभ आहे. मात्र पुतळा घाबरत नाही, नातेवाइकांसमोर प्रश्न विचारत नाही आणि मध्यरात्री अचानक ढासळत नाही. त्यामुळे प्रयोगशाळा वॉर्डाची जागा घेऊ शकत नाही. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा करून १९४७ च्या कायद्याची जागा नव्या रचनेला दिली. या आयोगाने महाविद्यालयांना मान्यता देताना इमारतीच्या आधी वॉर्ड पाहावा, आणि वॉर्डच्या सिस्टरला शिक्षिकेचा दर्जा, वेळ आणि मोबदला मिळेल अशी तरतूद करावी.