नेतृत्व, संस्कृती आणि नकाराचे मोल

राष्ट्राचा प्रमुख आणि त्या राष्ट्राची संस्कृती यांचा संबंध काय, हा प्रश्न जुना आहे. ‘यथा राजा तथा प्रजा’ असे म्हणून आपल्या पूर्वजांनी त्याचे उत्तर देऊन टाकले. परंतु ते वचन राजांच्या काळातले. जेथे प्रजाच मतपेटीतून राजा निवडते तेथे ते उलटूनही वाचावे लागते. या प्रश्नाची चर्चा निघाली की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन अध्यक्षांचे दाखले पुढे येतात. केनेडींचा दूरचित्रवाणीवरील वावर आणि सिनेनट म्हणून रेगन यांनी कमावलेली संवादफेक यांनी त्या देशाची अभिरुची घडविली, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. पण आमच्या मते ती वरवरची गोष्ट झाली. नेत्याने लोकांना कोणते संस्कार दिले हे पाहावयाचे, तर एकच प्रश्न विचारावा: त्याच्याजवळ बसणारा मनुष्य त्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणू शकतो काय, आणि त्याने तसे म्हटल्यावर समाज त्या मनुष्याची किंमत कशी करतो?

ही कसोटी पेण-रोह्याच्या लोकांना परकी नाही. कुंडलिकेच्या काठी वाढलेल्या एका पुरुषाने ती स्वतःस लावून घेतली आणि तीही देशाच्या सर्वोच्च मंत्रिमंडळात बसून.

चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला, घराणे रोह्याचे. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करून ते आय. सी. एस. झाले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या नाणेविषयक परिषदेत हिंदुस्थानच्या बाजूने बोलले. १९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. चळवळीची वा तुरुंगाची परंपरा त्यांच्या पाठीशी नव्हती. ते सरकारी चाकोरीत मुरलेले होते आणि अशा मनुष्याकडून बंडाची अपेक्षा कोणी करीत नाही.

तरी ते घडले. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होणार असे जाहीर केले. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. चिंतामणरावांनी राजीनामा पुढे केला. काही महिने तो अडून राहिला आणि जुलै १९५६ मध्ये ते लोकसभेत निवेदन करून बाहेर पडले. त्या निवेदनात मुंबईचा प्रश्न होता, गोळीबाराच्या चौकशीची मागणी होती. पण आम्हांस त्यातील दुसरा मुद्दा अधिक दूरचा वाटतो. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न आणता घेतला गेला, हा कारभार घटनेला धरून नाही, असे त्यांनी पंतप्रधानांच्या समक्ष सांगितले. पहिला मुद्दा महाराष्ट्राचा होता, तर दुसरा साऱ्या देशाचा. एक मनुष्य कितीही थोर असला, तरी त्याच्या मनात आले म्हणजे सर्वांनी ठरविले असे होत नाही, हा त्याचा आशय होता.

येथे कोणी म्हणेल की राजीनामा म्हणजे रणातून पळ. आत राहूनच भांडावयास हवे होते. हा आक्षेप हलका नाही. परंतु ज्याचे म्हणणे ऐकून घेण्याची पद्धतच मोडली आहे, त्याने आत राहून भांडावे तरी कशाने? शिवाय हा नकार फुकट गेला नाही. ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने केंद्रशासित मुंबईची योजना बाजूस सारून द्वैभाषिक राज्य केले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. हे यश एकट्या देशमुखांचे नव्हे, ते रस्त्यावरच्या लोकांचे. पण सरकारच्या आतून मिळालेली ग्वाही निराळ्या वजनाची असते.

आता अमेरिकेकडे वळू. १९७२ मध्ये रिचर्ड निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकून पुन्हा अध्यक्ष झाले. एवढा कौल मिळालेल्या पुरुषाला कोण अडविणार? वॉटरगेट प्रकरणाचे तपासप्रमुख आर्चिबाल्ड कॉक्स यांनी अध्यक्षांच्या दालनातील ध्वनिफिती मागितल्या. २० ऑक्टोबर १९७३ रोजी निक्सन यांनी कायदामंत्री इलियट रिचर्डसन यांस आज्ञा केली की कॉक्सना काढा. रिचर्डसन यांनी आज्ञा पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांचे दुय्यम रकल्सहाउस यांनीही तेच केले. तिसऱ्या अधिकाऱ्याने मात्र ती आज्ञा अंमलात आणली. पण दोन नकारांनी लोक जागे झाले होते. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ध्वनिफिती देण्याचा हुकूम केला आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. त्या न्यायालयात निक्सन यांनीच नेमलेले न्यायाधीश होते, हे विसरू नये. अमेरिकन संस्कृतीचे त्या दशकातील दर्शन आम्हांस कोणत्याही अध्यक्षाच्या वक्तृत्वापेक्षा या नकारांत अधिक स्वच्छ दिसते.

त्यानंतर वर्षही पुरते लोटले नाही तोच आपल्या देशात काय झाले? २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली आणि मंत्रिमंडळाला ती दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. देशमुखांनी १९५६ मध्ये ज्या रोगाचे निदान केले होते, तोच आता पूर्ण वाढलेल्या रूपात दिसला. मंत्री सारे हजर होते, ‘नाही’ म्हणणारा नव्हता. तो नकार अखेर १९७७ च्या मार्चमध्ये मतदारांना द्यावा लागला. वरच्यांनी वेळेवर दिलेला नकार स्वस्त पडतो. तो चुकला की सामान्यांना तुरुंगवास सोसून त्याची भरपाई करावी लागते.

आपल्या जिल्ह्याचाही एक दाखला न्यायाने घेतलाच पाहिजे. बॅ. अ. र. अंतुले याच भूमीचे पुत्र. १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. निराधारांसाठी अनुदान योजना आणली आणि १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचे रायगड केले. या नावाने जिल्ह्याच्या मनाला जो उजाळा मिळाला तो खोटा नव्हता. तरी जानेवारी १९८२ मध्ये सिमेंटवाटप आणि प्रतिष्ठानाच्या देणग्या यांच्या संबंधावर उच्च न्यायालयाचा निर्णय विरुद्ध गेला आणि त्यांस पद सोडावे लागले. पुढे फौजदारी खटला कायद्याच्या मुद्द्यांवर वर्षानुवर्षे चालला. लोकांना प्रिय असलेल्या कर्तबगार नेत्यालाही ‘थांबा’ म्हणणारे न्यायालय होते, एवढेच आम्हांस येथे नोंदवावयाचे आहे. लोकप्रियता आणि जबाबदारी या दोन निराळ्या वह्या आहेत. एकीची बाकी दुसरीत मांडता येत नाही.

देशमुखांचे समाजाने काय केले? १९५६ नंतर ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. फिलिपिन्सच्या अध्यक्षाच्या स्मरणार्थ असलेले हेच पारितोषिक त्याआधीच्या वर्षी पेण तालुक्यातील गागोदे गावी जन्मलेल्या विनोबांना, आणि १९९६ मध्ये रोह्याच्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांना मिळाले. त्यांपैकी दोघांनी कधी सत्तेचे आसन घेतले नाही आणि तिसऱ्याने घेतलेले सोडले. १९६९ मध्ये देशमुख राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. गिरी आणि संजीव रेड्डी यांच्या मागे, १,१२,७६९ मतमूल्य मिळवून ते तिसरे आले. सत्तेने त्यांना पुन्हा जवळ केले नाही, पण विद्येने दूर लोटले नाही. त्यांनी मेघदूत मराठीत आणले आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी ते गेले.

पेणच्या कारखान्यांत गणपतीची मूर्ती साच्यातून निघते, हे येथे कोणास सांगावयास नको. साचा सदोष असला तर त्यातली प्रत्येक मूर्ती सदोष निघते. वरून कितीही रंग चढविला तरी तो दोष जात नाही. नेता हा रंग आहे. साचा म्हणजे ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत बसणाऱ्या माणसांची सवय, आणि त्यांना तेथे बसविणाऱ्या आपली सवय. ग्रामसभेत सरपंचाला हिशेब विचारणाऱ्या मनुष्यास आपण ‘अडवणूक करणारा’ म्हणतो की ‘आपला’ म्हणतो, यावर दिल्लीतील मंत्रिमंडळ कसे चालेल हे बऱ्याच अंशी ठरते. चांगला नेता मिळणे हा भाग्याचा भाग आहे. परंतु त्याला ‘नाही’ म्हणणारा मनुष्य सांभाळणे हे आपल्या हातचे काम आहे, आणि लोकशाहीत संस्कृतीची परीक्षा त्याच कामावर होते.